गिनीपिगची प्रथमोपचार पेटी : सोलापूरच्या उन्हाळ्यात केलेल्या नोंदी

२ मार्च २०२५

पेटी दोन माद्यांसाठी. आजची वजनं ९४० आणि ८१० ग्रॅम. पुढचे सगळे हिशोब याच वजनांवर केलेत, तुमच्या जनावराचं वजन वेगळं असेल तर आकडे जसेच्या तसे उचलू नका.

सुरुवात खरेदीने नाही, फोनने केली. सोलापुरात गाई-म्हशी आणि शेळ्यांचे डॉक्टर आहेत, कुत्र्या-मांजरांचे आहेत. गिनीपिग नेहमी हाताळणारे मात्र शोधावे लागतात. पाच दवाखान्यांना तीनच प्रश्न विचारले : गिनीपिग तपासता का, रात्री आठनंतर फोन कोण उचलतं, आणि तोंडात आतपर्यंत बघून दाढा तपासता येतात का. दाढांचा प्रश्न मुद्दाम विचारला. गिनीपिगने खाणं सोडलं की पुष्कळदा दुखणं दाढेचं निघतं आणि पुढच्या दातांवरून त्याचा काही पत्ता लागत नाही. दोन ठिकाणी तिन्ही प्रश्नांना होकार मिळाला. तिसरा नंबर पुण्याचा घेतला. अंतर साधारण अडीचशे किलोमीटर, रस्ता मोकळा मिळाला तरी चार-साडेचार तास.

पेटीत काय हवं ते यावरून ठरलं. पाच तास जनावर तगलं पाहिजे : अंग तापू नये, पोट रिकामं राहू नये, जखम घाण होऊ नये. इलाज डॉक्टर करतील.

वेळ अर्धा दिवस.

५ मार्च

मेडिकलमधून तयार प्रथमोपचाराचा डबा आणला, ४५० रुपये. पैसे वाया गेले. आतलं गॉज, कात्री आणि तो प्लास्टिकचा डबा एवढंच कामाला आलं. बाकीचं का काढलं ते सविस्तर लिहितो, कारण हीच सामग्री बहुतेक घरांत आधीपासून पडून असते.

जखमेवर भुरभुरायची अँटिबायोटिक पावडर : निओमायसिन, पॉलिमिक्सिन आणि बॅसिट्रॅसिन. गिनीपिग जखम चाटतो आणि बॅसिट्रॅसिन पोटात गेलं तर ते त्याला घातक ठरतं. घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्यांचंही तेच. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन यातलं काहीही तोंडावाटे दिलं की आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम हा घातक जंतू माजतो आणि त्याच्या विषाने जनावर काही दिवसांत दगावतं. कुत्र्याला हीच औषधं सर्रास दिली जातात, म्हणून ओळखीच्या माणसाकडून चूक सहज होते. झाकणाच्या आतल्या बाजूला लाल पेनाने लिहिलं : ‘पेनिसिलिन गटातलं औषध तोंडाने देऊ नये.’ गिनीपिगची सवय नसलेल्या डॉक्टरांसमोरही हे झाकण बिनदिक्कत धरा.

पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन काढलं. दुखण्यावर डॉक्टर बहुधा मेलॉक्सिकॅम देतात, पण ते त्यांनी वजन करून लिहून दिल्यावरच पेटीत येईल.

पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारा जंतुनाशक, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, सगळं काढलं. कापूसही काढला, त्याचे तंतू ओल्या जखमेला चिकटतात आणि सोडवताना खपली निघते. हळदीचा मोह होतो, पण लेप वाळला की जखम किती खोल आहे आणि आत पू झालाय का, हे डॉक्टरांनाही दिसत नाही.

९ मार्च

दुकानात ‘एक एमएलची सिरिंज’ मागितली की हातात इन्सुलिनची पडते. दहा घेतल्या, ९० रुपये, आणि घरी आल्यावर कळलं की तिच्यावरच्या खुणा मिलीच्या नाहीत, युनिटच्या आहेत. चाळीस युनिटच्या सिरिंजवर ‘१०’ म्हणजे पाव मिली. घाईत ते कुणी एक मिली समजलं तर घोटाळा ठरलेला. शिवाय तिची सुई निघत नाही. परत घेत नाहीत.

सर्जिकलच्या दुकानात ‘ट्युबरक्युलिन सिरिंज, सुईशिवाय’ असं म्हणा. तिच्यावर ०.०१ मिलीपर्यंत खुणा असतात. बारा घेतल्या, ७२ रुपये. पाच मिलीच्या पाच, ४० रुपये. सोबत ५० मिलीची मोठ्या नळीची घेतली, ६० रुपये. तिचा निकाल पुढच्या नोंदीत.

१६ मार्च

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि जायलाच हवा होता. गिनीपिगचं आतडं थांबलं की सगळं थांबतं. बारा तास खाल्लं नाही, लेंड्या बारीक झाल्या किंवा बंद पडल्या, की तातडी समजायची. पेटीतली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे सिरिंजने भरवायचं अन्न.

परदेशी रिकव्हरी पावडरची चौकशी केली. भाडं धरून दीड हजारापर्यंत जात होतं आणि यायला आठ-दहा दिवस, तेही कुरिअरच्या तापलेल्या गाडीतून. मागवली नाही. रोजच्या साध्या गवती पेलेटची (दाबून केलेल्या कोरड्या खाद्याच्या कांड्यांची) पूड करायची ठरवलं. रंगीत दाणे आणि बिया मिसळलेलं खाद्य यासाठी चालत नाही.

पहिला प्रयोग : ३० ग्रॅम पेलेट खलबत्त्यात कुटून ६० मिली कोमट पाण्यात. पाच मिनिटांत पाच मिलीच्या सिरिंजचं तोंड बंद. गवताचा एक धागा आडवा बसला तरी दट्ट्या हलत नाही, जोर लावला की गोळा एकदम सुटतो. तोंडात सुटला असता तर श्वासनळीत गेला असता.

दुसरा : मिक्सरमध्ये कोरडंच ४० सेकंद फिरवून मैद्याच्या चाळणीतून गाळलं. ३० ग्रॅममधून २४ ग्रॅम पूड हाती आली. ६० मिली पाण्यात ती सिरिंजमधून जात होती, पण पंधरा मिनिटांनी फुगून थालीपिठाच्या पिठासारखी झाली. आणखी २० मिली पाणी घातलं तेव्हा आंबिलीइतकी सैल झाली. म्हणजे २४ ग्रॅमला ८० मिली, आणि भिजवून पंधरा मिनिटं थांबूनच भरवायला घ्यायचं.

तिसरा : ५० मिलीची सिरिंज. आंबील छान भरते, पण दट्ट्या जड असल्याने किती बाहेर पडतंय यावर ताबा राहत नाही. रद्द. शेवटी एक मिलीच्या सहा सिरिंजचं पुढचं टोक ब्लेडने कापून नळी पूर्ण मोकळी केली. कापलेली कड बोटाला लागत होती, ती बारीक पॉलिश पेपरवर घासून ओठावर फिरवून पाहिली. ओठाला खुपत नाही तोवर घासायची. कापलेल्या सिरिंजवर रंगीत टेप लावला, औषध मोजायला चुकूनही ती वापरायची नाही.

प्रमाण : किलोमागे दिवसाला ५० ते ८० मिली. ९४० ग्रॅमवालीला ६० मिली, म्हणजे दिवस-रात्र मिळून सहा वेळा दहा-दहा. ८१० ग्रॅमवालीला ५०. पुढच्या दातांच्या मागे रिकामी जागा असते, तिथे बाजूने सिरिंज घालून एका वेळी अर्धा मिली, चावणं दिसल्यावरच पुढचा. उताणं कधी धरायचं नाही. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं असेल तर काहीच भरवू नका, थेट दवाखाना. गिनीपिगला उलटी होत नाही, आत गेलेलं वर येत नाही.

पूड १०० ग्रॅमच करून ठेवली, घट्ट झाकणाच्या बरणीत तारीख घालून. दोन महिन्यांनी टाकून नवी. आठवड्यातून एकदा चव म्हणून दोन मिली दिल्याने दोघी सिरिंज पाहून आता पळत नाहीत.

२३ मार्च

गुंडाळून धरायला चाटी गल्लीतून टेरी टॉवेल आणला, २२० रुपये. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे आणि माल खरोखर उत्तम आहे, पण इथे त्याचा गुणच आड आला. त्याच्या फुगीर धाग्यांच्या फासात मागच्या पायाचं नख अडकलं. जनावराने हिसका दिला, नख मुळाशी वाकलं. रक्त आलं नाही, थोडक्यात निभावलं. टॉवेल पेटीतून काढून साध्या विणीचे दोन पंचे घेतले, १४० रुपये. पंचा पातळ असल्याने दुहेरी घडी करून घ्यावा लागतो. पुढचे दोन्ही पाय आत, तोंड बाहेर, आणि छातीवर दाब नाही. गिनीपिग छाती फुलवून श्वास घेतो, आवळलं तर गुदमरतो.

३० मार्च

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, एक ग्रॅमचा, ४२० रुपये. वर खोल पातेलं ठेवून शून्य करायचं. दर रविवारी, सकाळच्या पालेभाजीआधी. तीस-चाळीस ग्रॅम इकडे-तिकडे होतात. वजनाचा दहावा हिस्सा गेला तर बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी डॉक्टर. दुखणं लपवण्यात हा प्राणी पटाईत आहे, काट्यापासून मात्र लपवता येत नाही.

लवचीक टोकाचा थर्मामीटर, १९० रुपये. आपल्याकडचे थर्मामीटर फॅरनहाइट दाखवतात, म्हणून पेटीतल्या माहितीच्या कार्डावर दोन्ही लिहिलं : ३८ ते ३९.५ सेल्सिअस, म्हणजे १००.४ ते १०३.१ फॅरनहाइट. गुदद्वारातून मोजायचं, व्हॅसलीन लावून जेमतेम एक सेंटिमीटर. डॉक्टरांकडून एकदा शिकल्याशिवाय करू नका.

६ एप्रिल

नखं आणि जखमा. नख जास्त कापलं गेलं तर टोक कॉर्नफ्लोअरमध्ये दाबून दोन मिनिटं धरायचं. थांबलं का म्हणून दर वीस सेकंदांनी उचलून बघितलं की धरलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून. तुरटीची पूडही रक्त थांबवते, पण झोंबते.

जखम धुवायला पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक ५ टक्क्यांचं घेतलं, ७५ रुपये. एक मिलीत नऊ मिली सलाईन, झालं अर्धा टक्का. रंग कोऱ्या चहाचा. दरवेळी ताजं करायचं. बाटली १० टक्क्यांची असेल तर दुप्पट पातळ करा.

सलाईनची १०० मिलीची बाटली एकदा फोडली की चोवीस तासांत टाकावी लागते, म्हणून १० मिलीच्या दहा अँप्यूल घेतल्या, १२० रुपये. त्यातल्या चार नुसत्या स्टराइल पाण्याच्या निघाल्या, दिसायला अगदी सारख्या. बदलून आणल्या. लेबलवर ‘०.९ टक्के सोडियम क्लोराइड’ वाचूनच घ्या.

डोळ्यात गवताची काडी जाणं नेहमीचं. फक्त सलाईनने धुवायचं. घरात उरलेल्या डोळ्यांच्या थेंबांत स्टेरॉइड असू शकतं. बुबुळावर ओरखडा असेल तर स्टेरॉइडने तो चिघळतो.

चिकटणारं बँडेज ठेवलं नाही, गिनीपिग ते कुरतडून गिळतो.

१३ एप्रिल

ओआरएस : वाटीभर पाण्यात चिमूटभर पूड, असा अंदाज चालत नाही, मिठाचं प्रमाण बिघडतं. एक लिटरची पूर्ण पुडी एक लिटर पाण्यातच घालायची, हवं तेवढं वापरून उरलेलं चोवीस तासांनी टाकायचं. बिनचवीची घ्या, संत्र्याची नको.

पोटात गॅस : लहान बाळांचे सिमेथिकोनचे थेंब, ६५ रुपये. यात शेपूचं आणि बडीशेपेचं तेल असलेल्या बाटल्याही मिळतात, फक्त सिमेथिकोन असलेली शोधली. किती द्यायचं ते डॉक्टरांकडून विचारून बाटलीवरच चिकटवलं. ग्राइप वॉटर घेतलं नाही.

क जीवनसत्त्व गिनीपिगच्या शरीरात तयार होत नाही. रोज किलोमागे १० ते ३० मिलीग्रॅम लागतं. कमी पडलं की सांधे सुजतात, चालणं नको होतं. साधी ५०० मिलीग्रॅमची गोळी १० मिली पाण्यात विरघळवली की एक मिलीत ५० मिलीग्रॅम. अर्धा मिली दिला, उरलेलं ओतून टाकलं. मल्टिव्हिटॅमिन नको, त्यातलं अ आणि ड जास्त होतं. पिण्याच्या बाटलीतही घालू नका, उजेडात आणि उन्हाळ्यात ते टिकत नाही आणि चव बदलल्याने पाणी पिणं कमी होतं. एरवी पेरूच्या दोन फोडींत काम होतं, पण या दिवसांत लक्ष्मी मंडईत धड पेरू नाही, त्यामुळे ढोबळी मिरची.

२७ एप्रिल

पेटी माळ्यावर होती. उघडली तर कागदी टेपचा गोंद वितळून गॉजच्या घडीत उतरलेला, बोटाला काकवीसारखा लागत होता. टेप आणि गॉज दोन्ही टाकलं.

कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर आणला, ३५० रुपये, आणि तीन दिवस तीन जागा मोजल्या. माळा ४३.५. पश्चिमेच्या भिंतीतलं कपाट ३९. आतल्या खोलीत शहाबादी फरशीवर, खालचा कप्पा ३३.८. औषधांच्या लेबलवर मात्र ‘२५ अंशांखाली’ किंवा ‘३० अंशांखाली’. म्हणजे घरातली सगळ्यात गार जागाही पुरी पडत नाही.

उपाय : पेटी आतल्या खोलीत फरशीवर. औषधं वेगळ्या घट्ट डब्यात, मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. कुठलंही औषध गोठू द्यायचं नाही. पेटीच्या झाकणावर ठळक लिहिलं, औषधं कुठे आहेत ते. पेलेटचं पोतंही याच खोलीत हलवलं, उष्णतेने त्यातलं क जीवनसत्त्व आधी जातं.

११ मे

उन्हाचा बंदोबस्त. गिनीपिगला १८ ते २४ अंश मानवतं, तिशीपुढे धोका सुरू होतो, आणि इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला सहज जातो. त्याला घाम येत नाही, त्यामुळे नुसत्या पंख्याने भागत नाही.

जेलचा आइस पॅक, १५० रुपये : दहा मिनिटांत कोपरा कुरतडला. बाद. एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या गोठवून पंचात गुंडाळल्या. ३८ अंशांच्या खोलीत एक बाटली तीन तास टिकली. दोन पुरत नाहीत, चार लागतात, कारण लाईट गेली की फ्रीझरही बंद. दोन बाटल्या थर्माकोलच्या पेटीत ठेवतो.

मोठी मातीची कुंडी आडवी ठेवून तासभर भिजवली. खोली ३८, कुंडीच्या आत ३२. खर्च १६०. उन्हाळ्यात यापेक्षा स्वस्त काही नाही. हवा दमट झाली की मात्र उपयोग संपतो.

दवाखान्याचा प्रवास आधी रिकाम्या पिंजऱ्यावर तपासला. प्लास्टिकचा बंद कॅरिअर (८५० रुपये) दुपारी दोन वाजता रिक्षातून सात रस्ता ते विजापूर रोड. पंधरा मिनिटांत आतलं तापमान ४१. परतीच्या फेरीत गोठवलेली बाटली आत आणि ओला पंचा वरून, जाळी मोकळी ठेवून : ३३. बाटली बांधली नव्हती, ब्रेकला घरंगळली. जनावर आत असतं तर चेंगरलं असतं. आता ती कोपऱ्यात दोरीने बांधतो.

ऊन लागल्याची खूण : धाप, लाळ, कान लालबुंद, अंग पसरून पडणं. कान आणि पाय माठातल्या पाण्याने ओले करायचे, बर्फाच्या पाण्याने नाही. बर्फाने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. अंगाचं तापमान १०३ फॅरनहाइटवर आलं की थांबायचं, आणि हे करतानाच दवाखान्याला फोन.

२५ मे

रात्री साडेनऊला मेन स्विच बंद करून सराव. पेटी उघडण्यापासून पहिली सिरिंज भरेपर्यंत ६ मिनिटं ४० सेकंद. टॉर्च सगळ्यात खाली. सिरिंज पाकिटात बंद. कोमट पाण्यासाठी गॅस पेटवावा लागला. आता टॉर्च कपाळावर बांधायची घेतली (२५० रुपये) आणि ती सगळ्यात वर, दोन सिरिंज फोडून स्वच्छ डबीत, शेजारी छोटा थर्मास. रात्रीची भांडी आवरली की तो भरायचा, हे घरातलं एक काम झालं. दुसऱ्या फेरीत १ मिनिट ५० सेकंद, भिजवण्याची पंधरा मिनिटं वेगळी.

२२ जून

पाऊस सुरू. कॉर्नफ्लोअरचा गोळा झाला, बदललं आणि घट्ट डबीत ठेवलं.

माश्या वाढल्यात. मागची बाजू ओली किंवा घाण राहिली की माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या होतात. सकाळ-संध्याकाळ बघायचं. अळी दिसली तर चिमट्याने काढायची, सलाईनने धुवायचं आणि लगेच निघायचं. गुरांच्या जखमेत टर्पेंटाइनचा बोळा घालतात तो इथे चालणार नाही, कातडी भाजते आणि चाटल्यावर विष होतं.

खाज आणि केस गळणं दिसलं की शेळ्या-मेंढ्यांचं आयव्हरमेक्टिन (किडे मारणारं औषध) टोचा, असा सल्ला हमखास मिळतो. आकडा मांडून बघा. एक टक्क्याच्या औषधात एका मिलीला १० मिलीग्रॅम. किलोला ०.३ मिलीग्रॅम धरलं तर ८१० ग्रॅमला ०.०२४ मिली, म्हणजे सिरिंजवरच्या बारीक खुणांमधल्या जेमतेम अडीच. एक थेंब जास्त पडला की मात्रा दुप्पट-तिप्पट. पेटीत ठेवलं नाही, डॉक्टरच देतील.

चाऱ्याबद्दल एक : गवत संपलं म्हणून कोवळं कडवळ (चाऱ्याची हिरवी ज्वारी) आणू नका. ज्या किराळीने, म्हणजे कोवळ्या ज्वारीतल्या विषाने, जनावरं दगावतात तीच ही, आणि एवढ्याशा जिवाला फार कमी पुरते. हराळी धुऊन, पाणी झटकून द्या. वाळका कडबा चालतो, पण पानंच, धांडं नकोत.

६ जुलै

हिशोब : एकूण ४०५६ रुपये, त्यातले १०१० वाया (तयार डबा ४५०, टेरी टॉवेल २२०, जेल पॅक १५०, इन्सुलिन सिरिंज ९०, मोठी सिरिंज ६०, वितळलेला टेप ४०). कामाच्या वस्तूंत कॅरिअर आणि काटा सोडला तर एकही पाचशेच्या जवळ जात नाही. वेळ सगळा मिळून चौदा-पंधरा तास, त्यातले चार भरवण्याच्या पुडीवर.

औषधांचा डबा फ्रिजमधून परत पेटीत आणला, झाकणावरची सूचना खोडली. पेलेटची जुनी पूड टाकून नवी केली. आजची वजनं ९५५ आणि ८६०. धाकटीचं ५० ग्रॅमने वाढलंय, म्हणून कार्डावरचं तिचं भरवण्याचं प्रमाण ५० वरून ५५ मिली केलं. सिमेथिकोनची मात्रा डॉक्टरांना नव्या वजनावर पुन्हा विचारली. कार्डावर वजन आणि मात्रा पेन्सिलने लिहा, फोन नंबर तेवढे पेनाने.